पावसाळ्यात कोल्हापुरातील रुग्णालयांचे बालविभाग इतके का भरतात?

मुख्य कारण श्वसनमार्गाचे विषाणू, आणि त्यांतही आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस). दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण एकदा तरी होते. बहुतेकांचे ते सर्दीखोकल्यावर निभावते. मात्र सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असल्याने सूज आणि चिकट स्राव यांमुळे त्या लवकर बुजतात, बाळाला दूध ओढता येत नाही आणि दाखल करावे लागते. २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ३६ लाख मुलांना या एकाच विषाणूमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले, असा अंदाज आहे.

खरी अडचण ही की सगळी बाळे त्याच काही आठवड्यांत येतात. यावर नेमके विषाणूरोधक औषध नेहमीच्या वापरात नाही. प्राणवायू, पुरेसे द्रव आणि सततची देखरेख हाच उपचार, म्हणजे खाटा आणि अनुभवी परिचारिका दोन्ही अडकून पडतात. (प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही, तरी पालक ती आग्रहाने मागतात, याचे वाईट वाटते.) गगनबावडा, शाहूवाडीसारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यांतून शहर गाठेपर्यंत बाळ अधिकच थकते.

म्हणून श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध सोडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.