डिटर्जंटमधली प्रथिने आणि संगणक: वाचकांचे प्रश्न

पेशीपटलातले प्रथिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रयोगशाळेत ते डिटर्जंटच्या रेणूंनी वेढून बाहेर काढतात. तीच जोडी संगणकावर उभी करून तिची हालचाल पाहणाऱ्यांचा, म्हणजे सिम्युलेशन करणाऱ्यांचा, गोंधळ मात्र दर वेळी त्याच ठिकाणी होतो.

प्रश्न: डीडीएम या डिटर्जंटचे किती रेणू घेऊ? कॅटलॉगमधला आकडा चालेल?

नाही. तो आकडा प्रथिन नसलेल्या मायसेलचा, म्हणजे नुसत्या डिटर्जंट-रेणूंच्या गोळ्याचा असतो. तुमच्या प्रथिनाभोवती किती रेणू बसतील हे त्याच्या घेरावर ठरते. तीन-चार संख्या घेऊन पाहा. ज्यांनी प्रथिन शुद्ध केले त्यांनाही विचारा, आणि त्यांचे डीडीएम आल्फा होते की बीटा (त्याचे दोन प्रकार), हेसुद्धा.

प्रश्न: डीडीएमची सीएमसी (ज्या तीव्रतेपासून मायसेल बनू लागतात ती) ०.१७ मिलिमोलर असूनही मोकळे रेणू दिसत नाहीत. चूक कुठे?

कुठेच नाही. सिम्युलेशनच्या १० नॅनोमीटर बाजूच्या पेटीत त्या तीव्रतेला सरासरी एक दशांश रेणू येतो.

प्रश्न: आरएमएसडीचा (प्रथिन सुरुवातीच्या रचनेपासून किती सरकले याच्या मापाचा) आलेख सपाट झाला. १०० नॅनोसेकंद पुरे ना?

नाही, एकदाच मिळालेल्या सपाट रेषेवर विसंबू नका. वेगवेगळ्या सुरुवातींपासून किमान तीनदा चालवा.

प्रश्न: माझ्या प्रथिनाची डीपीसी या दुसऱ्या डिटर्जंटमधली एनएमआर (चुंबकीय अनुनादाने मिळवलेली) रचना प्रथिनांच्या डेटा बँकेत आहे. सर म्हणतात, थेट पटलात बसव आणि चालव. काही बिघडेल?

बिघडू शकते, आणि इथेच सगळे घाई करतात. यूसीपी-२ या मायटोकाँड्रियाच्या प्रथिनाची रचना २०११ साली डीपीसीमध्ये मिळाली. २०१३ मध्ये ती संगणकावर लिपिडच्या पटलात ठेवली, तेव्हा तिच्यातून पाणी आरपार जाऊ लागले. ज्या आतल्या पटलावर पेशीचे सगळे ऊर्जाकारण उभे आहे, तिथे अशी गळती परवडेल का? डीपीसी सरसकट वाईट नाही; ओम्पएसारखी बीटा-पिंपे (पिंपाच्या आकाराची प्रथिने) त्यात टिकतात. पण हेलिक्सच्या (प्रथिनातल्या मळसूत्री भागांच्या) सैल जुडग्यात त्याचे रेणू शिरतात. ‘डेटा बँकेत आहे म्हणजे बरोबरच’ ही ऐकीव गोष्ट सोडा. त्या डिटर्जंटमध्ये प्रथिन काम करत होते का, त्याचा लिगंड (त्याला चिकटणारा ठरावीक रेणू) बांधत होते का, हे मूळ शोधनिबंधात शोधा. सापडले नाही, तर सरांसह एखाद्या जीवरसायनतज्ज्ञासमोर बसा. संगणकाचे तास त्यानंतर मागा.

प्रश्न: एक कंपनी आठ दिवसांत ‘पेपरसाठी तयार’ सिम्युलेशन करून देते. घेऊ का?

इनपुट फाइल, फोर्स फील्डची (अणूंमधली बले ठरवणाऱ्या सूत्रांची) आवृत्ती आणि संपूर्ण ट्रॅजेक्टरी (अणूंच्या हालचालीची नोंद) देणार का, ते विचारा. रंगीत चित्रे आणि आलेखच मिळणार असतील तर एक रुपयाही देऊ नका. परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे.

प्रश्न: मार्टिनी (काही अणूंचा मिळून एक मणी धरणारे ढोबळ मॉडेल) वापरून वेळ वाचवू?

डिटर्जंट प्रथिनाभोवती कसे जमते, हे पाहायला जरूर वापरा. प्रथिनाची घडी मोडते का, हे त्यात तपासू नका: मार्टिनीत दुय्यम रचना (कुठे हेलिक्स, कुठे काय) आपणच आधी बांधून दिलेली असते. तुम्हाला यातले नेमके काय हवे आहे, ते मार्गदर्शकांशी बोलून ठरवा.