वाचक विचारतात: गटबाजीला बंदी, तरी फूट कशी?

प्रश्न (अंबाजोगाईहून): आजोबांकडून लाल बावट्याचं लई ऐकलंय, बीडनं तर दोनदा कम्युनिस्ट खासदार दिला म्हणे. पण या पक्षात गट करायलाच बंदी असते ना, मग हे लोक सारखे फुटतात कसे?

उत्तर: म्हणे कशाला, खरंच दिला. 1967 ला क्रांतिसिंह नाना पाटील आणि 1977 ला गंगाधरअप्पा बुरांडे. फक्त नाना पाटील भाकपचे (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) अन् अप्पा माकपचे (त्यातून फुटलेला मार्क्सवादी पक्ष), आणि आणीबाणीला भाकपचा पाठिंबा तर माकपचा विरोध.

आता बंदीचं. ती आली मार्च 1921 मध्ये, रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या दहाव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अधिवेशनात. क्रोनश्टाट या नाविक तळावरच्या नौसैनिकांनी बंड केलेलं, देशात उपासमार, पक्षात 'कामगारांचा विरोधी गट' (कामगारांची बाजू घेऊन नेतृत्वाला विरोध करणारा) वगैरे जोरात, म्हणून लेनिननं ठराव आणला की सगळे गट तात्काळ बरखास्त. पण त्याच बैठकीत रियाझानोव्ह नावाचा प्रतिनिधी म्हणाला की यापुढं अधिवेशनासाठी वेगवेगळ्या भूमिकांवर प्रतिनिधी निवडणंच बंद करू, तेव्हा लेनिननंच ते उडवून लावलं, मूलभूत मतभेद झाला तर पक्षापुढं जायचा हक्क काढून घेता येत नाही असं त्याचं म्हणणं. हा भाग पुढं सगळे सोयीस्कर विसरले. 1921 ला लेनिनचा सहकारी ट्रॉट्स्कीही बंदीच्या बाजूनंच होता बरं का, आणि 1927 ला गट केला म्हणून त्यालाच पक्षातून काढलं.

माझं मत विचाराल तर गट असणं हा रोग नाहीच, गट लपवावा लागणं हा रोग. लोकशाही केंद्रीकरण म्हणजे ठराव होईपर्यंत भांडा, झाल्यावर सगळ्यांनी पाळा. पहिला अर्धा भाग नीट चालला तर दुसरा जड जात नाही. 1996 ला माकपच्या ज्योती बसूंना पंतप्रधानपद चालून आलं, केंद्रीय समितीनं बहुमतानं नाही म्हटलं, त्यांनी मुकाट पाळलं, नंतर 'ऐतिहासिक घोडचूक' असं उघड बोलले पण पक्ष काही सोडला नाही.

1964 ला मात्र उलटं झालं. काँग्रेसशी कसं वागायचं, रशिया की चीन, यावर वाद आधीपासून धुमसत होता, 1962 मध्ये तोडगा काय काढला तर काँग्रेसशी जुळवून घ्यायच्या बाजूच्या डांगेंसाठी अध्यक्षपद नवीन तयार केलं आणि सरचिटणीस केले नंबुद्रीपाद. भावकीत वाटणी टाळायला दोघांच्या हातात एकेक किल्ली द्यावी तसं! त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं आणि सगळं उघड्यावर आलं. एप्रिल 1964 मध्ये राष्ट्रीय परिषदेतून 32 जण उठून गेले अन् वर्षअखेर भाकप आणि माकप असे दोन पक्ष.

प्रश्न (नांदेडहून): निजामाविरुद्धच्या कम्युनिस्टांच्या तेलंगणा लढ्यातही असे गट होते का हो?

उत्तर: होते की. सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर बंदूक खाली ठेवायची का, यावरच. निजाम हटला, आता थांबा असं लढ्यातले नेते रावी नारायण रेड्डींचं मत, रणदिव्यांच्या नेतृत्वाखालचा पक्ष म्हणाला नाही, नेहरू सरकारविरुद्धही चालू. तीनेक वर्षं त्यात गेली, कितीतरी कार्यकर्ते गेले, आणि शेवटी ऑक्टोबर 1951 ला लढा मागं घेतलाच. लगेच 1952 च्या निवडणुकीत पक्षावर बंदी असल्यानं पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावानं उभे राहिले, अन् हैदराबाद विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले व्ही. डी. देशपांडे.