‘सर, मी रुजू झालो’

कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोन उचलताच तू आनंदाने म्हणालीस, “सर, मी रुजू झालो,” आणि दुसऱ्याच क्षणी ओशाळून “झाले” अशी दुरुस्ती केलीस. पन्हाळा तालुक्यातील शाळा, दुसरीचा वर्ग, एसटीच्या वेळा हे सगळे तू नंतर सांगितलेस. पण माझे मन त्या दुरुस्तीपाशीच घुटमळत राहिले. फोनवर ते नीट बोलता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या भागात मुली आणि बायका “मी आलो”, “मी जातो” असे सहज म्हणतात. बाहेरगावच्या माणसाच्या कानाला ते खटकते, आणि शिकायला पुण्याला गेलेल्या आपल्या कितीतरी मुली इतरांच्या हसण्याला भिऊन तसे बोलणे सोडून देतात. ती चूक आहे असे तुझ्याही मनात कोणीतरी भरवले आहे, आणि तुला शिकवणाऱ्यांत मीही होतो, याची मला खंत वाटते. व्याकरणाच्या नजरेने एकदा पाहा. प्रमाण मराठीतही स्त्रिया अनेकवचनात “आम्ही आलो” असेच म्हणतात. तेथे स्त्री आणि पुरुष यांची रूपे वेगळी नाहीत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तीच रीत आपल्या बोलीने एकवचनातही पाळली आहे. “मी आलो” म्हणणारी हीच मुलगी मैत्रिणीला मात्र “तू आलीस” म्हणते आणि तिच्याविषयी सांगताना “ती आली” म्हणते. त्यात तिची कधी गल्लत होत नाही. ज्या बोलण्याला इतका पक्का नियम आहे, त्याला चूक कसे म्हणावे?

ज्याला आपण शुद्ध मराठी म्हणतो, तिला आजचे रूप आले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थचा कोश 1831 साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली आले, छापखाने आणि क्रमिक पुस्तके वाढली, आणि पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या वर्गाची भाषा छापील पानावर स्थिर झाली. या प्रमाणभाषेची गरज होती आणि आजही आहे, परंतु ज्या भाषेतून ती निवडून घेतली गेली, त्या भाषेची इतर रूपे तेवढ्याने अशुद्ध ठरत नाहीत. आपल्याकडे पोराने “पानी” म्हटले की गुरुजींच्या कपाळाला आठी पडते. हिंदीत तोच “पानी” पाठ्यपुस्तकात छापलेला असतो.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या चौथीच्या वर्गातील एक बोलकी मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, मी वही घरी विसरलो.” मी सर्वांदेखत तिला तीन वेळा “विसरले” म्हणायला लावले. वर्ग हसला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलीने वर्गात आपणहून एकही वाक्य उच्चारले नाही. विचारलेल्या प्रश्नाला ती एका शब्दात उत्तर देई, आणि मी तिच्या प्रगतिपत्रकावर “अबोल” असा शेरा लिहिला. तो शेरा माझ्या वागण्यावर लिहायला हवा होता. पुढे अनेक वर्षांनी विल्यम लबाव या अमेरिकन भाषावैज्ञानिकाच्या कामाविषयी वाचताना मला तीच मुलगी आठवली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील आठ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा चाचणीच्या वेळी जेमतेम एकेक शब्द बोलत होता. पुढच्या भेटीत मुलाखत घेणारा माणूस बटाट्याच्या वेफरचे पाकीट घेऊन आला, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत घेतले आणि जमिनीवर बसून बोलू लागला, तेव्हा दोन्ही मुले एकमेकांचे बोलणे तोडत बोलत सुटली. मूल तेच होते आणि त्याची भाषाही तीच होती. ती वापरण्याची भीती तेवढी गेली होती.

शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते ज्यांच्या घरात कोणी पाटी धरली नव्हती अशा मुलांसाठी. ती मुले शाळेत आपल्या घरची भाषा घेऊन आली. आज तुझ्या वर्गात त्यांचीच पणतवंडे बसलेली असतील. त्यांना आत घेऊन मुके करायचे असेल, तर त्या सक्तीला काय अर्थ उरला?

शिकण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुझे खरे काम तेथेच आहे. सातवीच्या वर्गात मी एकदा बाष्पीभवन शिकवत होतो. मागच्या बाकावर एका गुळव्याचा मुलगा मान खाली घालून बसला होता. व्याख्या त्याला येत नव्हती. मी त्याला घरच्या गुऱ्हाळाविषयी सांगायला सांगितले. काहिलीत रस उकळू लागला की मळी कशी वर येते, भेंडीचा चिकट रस घातल्यावर ती कशी गोळा होते, चुलवाणाचा जाळ केव्हा कमी करायचा, पाक पाण्यात सोडून त्याची गोळी होते की नाही हे वडील कसे पाहतात, हे सारे त्याने क्रमवार आणि कारणांसह सांगितले. त्याच्या बोलण्यात पुस्तकातील एकही शब्द नव्हता, पण पाणी उडून जाते आणि गोडी दाट होते ही गोष्ट वर्गातील इतर कोणाहीपेक्षा त्याला अधिक कळलेली होती. “बाष्पीभवन” हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. मुलाच्या मनात वस्तू आधी उभी असली की संज्ञा तिला चिकटते. संज्ञा आधी दिली की ती परीक्षेपुरती जिभेवर राहते. मातृभाषेतून शिकवावे असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 1953 साली सांगितले आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. मात्र आपण मातृभाषा म्हणजे पाठ्यपुस्तकाची मराठी असे समजून मोकळे होतो.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नकोस असा मुळीच नाही. अर्ज, परीक्षा, वर्तमानपत्र, सातबारा, न्यायालय यांची भाषा ज्याला येत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. बोलीचे कौतुक करून मुलाला तिच्यातच अडकवून ठेवणारा शिक्षक त्याचे नुकसानच करतो. म्हणून लेखनात आग्रह धर; वही नीट तपास. बोलत असताना मात्र वाक्य मध्येच तोडू नकोस. मूल “पानी सांडलं” म्हणाले, तर “पाणी सांडले का? चल, पुसून घेऊ,” असे उत्तर दे. कान आपोआप शिकतात.

हंगामात बीडकडील ऊसतोड कामगारांची मुले तुझ्या वर्गात येतील. त्यांची मराठी आपल्या मुलांना वेगळी वाटेल आणि ती हसतील. जी मुले पुण्यात हसण्याचा विषय होतात, तीच येथे दुसऱ्याला हसतात. त्या वेळी तुझ्या तोंडी कोणता शब्द येतो याकडे लक्ष दे. ऐकणाऱ्याला सोबत घेणारे “आपण” आणि त्याला बाहेर ठेवणारे “आम्ही” असा भेद मराठी करते. तमिळ आणि तेलुगूतही तो आहे, हिंदी-इंग्रजीत नाही. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे तो मराठीत आला असे भाषाअभ्यासक मानतात. नव्या मुलाला “आमच्या शाळेत असे चालत नाही” असे सांगितले, तर तो पाहुणाच राहतो. “आपल्या शाळेत” म्हटले की त्याला बसायला जागा मिळते. एवढी सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे, ती वापर.

एक शंभर पानी वही कर आणि मुलांच्या तोंडून येणारे शब्द तिच्यात लिहीत जा: खोडवा, वाढे, पाचट, मोळी, आणि बीडच्या मुलांकडून मिळतील तेही. शब्द कोणी दिला त्याचे नाव पुढे लिही. मुलांना ते फार आवडते. दिवाळीच्या सुट्टीत घरी येशील तेव्हा ती वही सोबत आण. मला त्यातले बरेच शब्द नवे असतील, आणि तुझ्याकडून ते समजून घ्यायचे आहेत.

तुझा,
सर