पहिली गेइशा बाहुली घेताना

आवडली म्हणून लगेच पैसे मोजू नका. आधी ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, कुठे बांधलाय ते बघा. गाठ पुढे असेल तर ती ओइरान, जपानच्या एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) उच्च दर्जाची गणिका. विक्रेते तीही सर्रास गेइशा म्हणून खपवतात. गेइशा नाच-गाणं, शामिसेन (तीन तारांचं वाद्य) शिकलेली कलावंत. तिची गाठ पाठीमागेच. ओबीची टोकं पार घोट्यांपर्यंत लोंबत असतील, गळपट्टी लाल आणि पायात उंच लाकडी ओकोबो असतील, तर ती क्योतोची माइको, म्हणजे शिकाऊ मुलगी. मला स्वतःला माइकोच जास्त आवडते. किमोनोची बाहुलीच्या डाव्या हाताकडची बाजू उजवीच्या वर हवी. उजवी वर फक्त मृतदेहाला नेसवताना घेतात (फोटोवरून घेत असाल तर तो आरशासारखा उलटा छापलेला नाही ना, हेही विचारा).

सुरुवात जपानमधल्या फुकुओका शहराच्या हाकाता बाहुलीने करा. भाजलेली माती, त्यावर हाताने दिलेला रंग, चकाकी नाही. चेहरा अगदी जवळून बघा. पापणीची रेघ थरथरलेली असेल तर सोडून द्या. घरी आणल्यावर ओलं फडकं लावू नका, रंग निघतो. मऊ कोरडा ब्रश पुरे, आणि ऊन टाळा.