औंधच्या डीपी रोडवर फुटपाथ एवढे रुंद केले की गाड्यांना जागाच उरली नाही. याने रस्ता सुरक्षित कसा होतो?

तुमचा वैताग खोटा नाही, संध्याकाळी मीही तिथे अडकतो. पण अडकतो तो सिग्नलला. चौक तेवढाच असताना मधला रस्ता कितीही रुंद केला, तरी एका हिरव्या दिव्यात सुटायच्या तेवढ्याच गाड्या सुटतात. आणि जी जागा ‘गेली’ म्हणतो, तिथे पुण्यात गाड्या धावत नाहीत, उभ्या असतात.

आता सुरक्षिततेचं. मोकळा, रुंद रस्ता दिसला की आपला पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरं, ओलांडणं. सेकंदाला १.२ मीटर या चालीने १४ मीटरचा रस्ता पार करायला जवळपास १२ सेकंद लागतात, ७ मीटरला ६. गुडघे दुखणाऱ्या आजींना त्याहून जास्तच. तेवढा वेळ आजी गाड्यांच्या तोंडावर असतात.

रुंदीपेक्षा मला मोलाची वाटते ती फुटपाथची पातळी. जुने फुटपाथ आठवा: फूटभर उंच, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटला खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. म्हातारी माणसं कंटाळून रस्त्यावरूनच चालायची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथची कड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. महापालिकेने २०१६ साली रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं केली. त्यानंतर जंगली महाराज रस्ता आणि तुमचा डीपी रोड नव्याने बांधला गेला. अशा रचनेत गेटपाशी फुटपाथ सपाटच राहायला हवा, चढ-उतार गाडीने करायचा. जिथे हे नीट झालंय तिथे बाबागाडी घेऊन एकदा चालून बघा.

फसतं कुठे, तर फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकींपाशी. त्यांना अडवायला खांब लावावेत, तर माप जुळत नाही. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटीमीटर वाट लागते, ॲक्टिव्हाचं हँडल त्याहून अरुंद. म्हणजे व्हीलचेअर जाईल अशा दोन खांबांमधून ॲक्टिव्हा आरामात जाते. खांब जवळ आणले की पहिली अडते ती व्हीलचेअर. यावर डिझाइनमध्ये उत्तर नाही, पावतीच फाडावी लागते, आणि ती रोज फाडली जात नाही. (फुटपाथवरून हॉर्न मारत येणाऱ्याला वर आपल्यालाच ‘ओ काका, बाजूला व्हा’ म्हणायची हिंमत होते, हे खास आपलं.)

तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात तक्रार कराच, पण ‘फुटपाथ कमी करा’ अशी नको. उखडलेले ब्लॉक, पुसलेले झेब्रा पट्टे, फुटपाथवरचं पार्किंग, यांचे फोटो जागेसकट द्या. बस थांब्यासमोर ओलांडायला उंचवटा करून द्या, अशी मागणी करा. नुसत्या पट्ट्यांना आपल्याकडे कोणी थांबत नाही, उंचवट्याला थांबतात. गाडीचं बूड घासेल म्हणून का होईना.