‘द क्रूसिबल’ बसवण्याआधी

प्रिय,

‘द क्रूसिबल’ नाटकातल्या डॅनफर्थ या न्यायाधीशाला आजच्या एखाद्या पुढाऱ्याचा पेहराव द्यायचा, असं तुझ्या टिपणात आहे. ते काढून टाक. प्रेक्षक लगेच आपला पक्ष निवडतात आणि पुढचं नाटक त्या चष्म्यातूनच बघतात. नाटककार आर्थर मिलरने 1953 साली, अमेरिकेत कम्युनिस्ट शोधण्याची मोहीम चालवणाऱ्या मॅकार्थीला रंगमंचावर आणलं नव्हतं. त्याने 1692 मधलं, चेटकिणींच्या खटल्यांचं अमेरिकेतलं सेलम गाव उभं केलं.

आधी तिसरा अंक घे आणि त्या न्यायालयाची रीत कागदावर उतरव. डॅनफर्थचं म्हणणं असं, की चेटूक हा न दिसणारा गुन्हा. त्याला साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिने छळलेली व्यक्ती. चेटकीण कबूल होणार नाही, म्हणजे छळ झालेल्यांवरच विश्वास ठेवायचा. एवढं मान्य केलं की वकिलाला कामच उरत नाही. गावकरी फ्रान्सिस नर्स आरोपी बायकांच्या बाजूने 91 जणांच्या सह्या आणतो, तर त्या सगळ्यांनाच चौकशीसाठी धरायचा हुकूम सुटतो. शेतकरी जाइल्स कोरी आपल्या साक्षीदाराचं नाव सांगत नाही, म्हणून तोच अटकेत. शेजाऱ्याला फाशी झाली की त्याची जमीन विकत घेण्याइतका पैसा फक्त जमीनदार पटनमकडे आहे, हे जाइल्सचं वाक्य तालमीत नेहमी घाईत उरकलं जातं. तिथे वेग कमी कर. आजचं राजकारण त्या वाक्यात आहे, पेहरावात नाही.

चर्चेत कोणीतरी म्हणेलच, ‘चेटकिणी नव्हत्या, पण कम्युनिस्ट तर होते ना?’ होते. त्यावर वाद घालू नकोस. नकार हाच पुरावा धरला जात होता का, आणि दुसऱ्यांची नावं दिल्यावर सुटका होत होती का, एवढं विचार. सेलममध्ये 19 जण फासावर गेले. कबुलीवर टिकून राहिलेल्यांपैकी एकही नाही. आरोपीचं भूत येऊन छळतं, ही साक्ष जानेवारी 1693 मध्ये नव्या न्यायालयाने नाकारली, तेव्हा बहुतेक जण निर्दोष सुटले. लोक शहाणे झाले म्हणून नव्हे, पुराव्याचा नियम बदलला म्हणून.

हीच कसोटी उलटीही लाव. हल्ली चौकशी सुरू झाली की सत्तेतली माणसंही ‘विच हंट’ (चेटकिणींची शिकार) म्हणून ओरडतात. आरोप नेमका आहे का, उलटतपासणी होते का, अपील करता येतं का, ते पाहा. तिन्ही असतील तर ते सेलम नव्हे.

माहितीपत्रकात ‘सत्यकथा’ लिहू नकोस. खरी अ‍ॅबिगेल (आरोप करणारी मुख्य मुलगी) 11-12 वर्षांची, नाटकाचा नायक प्रॉक्टर प्रत्यक्षात साठीचा, दोघांचं प्रेमप्रकरण मिलरने रचलेलं. त्यामुळे खोटारडी मुलगी हेच नाटकाचं इंजिन झालं, तर ते आज खटकेल, आणि खटकायलाच हवं. प्रकाश न्यायाधीशांवर ठेव.

आणखी एक. मॅकार्थी सिनेटर होता. मिलरला 1956 मध्ये बोलावलं ते कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या समितीने. त्याने नावं दिली नाहीत, 1957 मध्ये संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरला, 1958 मध्ये अपिलात सुटला. मॅकार्थी आणि ही समिती एकाच वाक्यात कोंबू नकोस.