साठीनंतर इतक्या वर्षांच्या सवयीची क्रीम, लिपस्टिक, अत्तर बदलायला हवं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ६२ आहे. तिशीपासून एकच क्रीम, एकाच शेडची लिपस्टिक आणि एकच परफ्यूम वापरताय, आणि आता सुनेनं 'वयाला साजेसं' म्हणून एक नवीन बाटली आणून दिलीय. ती वापरावी की आपलं जुनंच चालू ठेवावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी ६९ वर्षांची आहे आणि तुमच्यासारखीच, एकदा पसंत पडलेली वस्तू सहजासहजी न सोडणारी. तरी गेल्या दहा वर्षांत दोन वस्तू मला सोडाव्या लागल्या, एक बाजारातूनच गेली, आणि दोन आजही तशाच आहेत. या सगळ्यातून माझं जे मत झालंय ते सांगते. जी वस्तू त्वचेवर काम करते, तिच्या बाबतीत त्वचेचं ऐकायचं, सवयीचं नाही. जी वस्तू मनासाठी आहे, म्हणजे रंग आणि वास, ती कुणाच्याही सांगण्यावरून सोडायची नाही.

सगळ्यात आधी केसांच्या रंगाबद्दल, कारण तुम्ही त्याचा उल्लेख केला नाही तरी आपल्या वयाच्या बऱ्याच जणी तो लावतात. मी २२ वर्षं एकच रंग लावत होते, तीच शेड, महिन्यातून एकदा. एका रविवारी रंग लावला आणि संध्याकाळी डोक्याला खाज सुटली. घाम असेल म्हणून दुर्लक्ष केलं. सकाळी उठले तर कपाळ सुजलं होतं, पापण्या इतक्या जड की डावा डोळा उघडेना, आणि कानांच्या मागे पाणी सुटलेले फोड. त्वचेच्या डॉक्टरांना मी पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "अहो, पण मी तर बावीस वर्षं हाच रंग लावतेय." त्यांनी शांतपणे समजावलं की तसंच होतं. गडद रंगांमध्ये पीपीडी म्हणजे पॅराफिनिलीनडायअमाइन नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं काहीही न होता एखाद्या दिवशी शरीर त्याला शत्रू मानायला लागतं, आणि एकदा मानलं की सहसा आयुष्यभर मानतं. पुढच्या वेळी थोडासा रंगही पुरतो, आणि बऱ्याचदा त्याच जातीतली दुसरी रसायनंही सोसत नाहीत. 'ब्लॅक हेना' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही पीपीडी असू शकतं, त्यामुळे मेंदीचं नाव दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

खोक्यावर लिहिलेलं असतं, ४८ तास आधी थोडा रंग त्वचेवर लावून बघा, आणि तेही दर वेळी. मी पहिल्या वेळी बघितलं होतं, नंतर कधीच नाही. आपल्या वस्तूवर विश्वास असतो ना, मग तपासावंसं वाटत नाही. म्हणून कळकळीनं सांगते, तुम्ही रंग लावत असाल तर ही एवढी एक गोष्ट चुकवू नका. मी रंग बंद केला. केस पूर्ण पांढरे व्हायला वर्ष गेलं, त्या वर्षात आरशात बघणं जड गेलं. आता मात्र ते मला आवडतात.

आता क्रीम. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक, उतरतं आणि त्याचा परिणाम त्वचेवरही दिसतो. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, असं मानलं जातं. तेल सुटायचं प्रमाण घटतं, आतला ओलावा टिकत नाही. साठीच्या आसपास मला वाटायला लागलं की माझी क्रीम पूर्वीसारखी राहिली नाही. लावल्यावर तासाभरात गाल पुन्हा ओढल्यासारखे. खरं तर क्रीमचा दोष नव्हता, दोष चेहऱ्याला लावायच्या साबणाचा होता. तो मी तिशीत निवडला होता, चेहरा तेलकट होता तेव्हा. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ९ ते १० असतो आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. तरुण त्वचा साबणाच्या धुण्यातून लवकर सावरते, आपली सावरायला वेळ घेते. साबण सोडून बिनफेसाचं सौम्य क्लेन्झर घेतलं, आणि क्रीम ओल्या चेहऱ्यावर, टिपून झाल्या झाल्या लावायला लागले. महिन्याभरात जुनी क्रीम पुन्हा पहिल्यासारखी वाटायला लागली.

म्हणून तुमची क्रीम जर जुन्या पद्धतीची, घट्ट, मेणट अशी असेल तर ती टाकायची घाई करू नका. तेल, मेण आणि पाणी एकत्र करून चेहऱ्याला लावायची युक्ती दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर सांगितली जाते, आणि निव्हियाची क्रीम १९११ सालची आहे. अशा जाड क्रीम तिशीत चिकट वाटतात. साठीत त्यांची खरी गरज असते. तुमची क्रीम पातळ, जेलसारखी असेल तर मात्र ती आता पुरणार नाही, निदान रात्री तरी वरून काहीतरी जाड लागेल.

डबा तोच म्हणजे आतली वस्तूही तीच, असं मात्र धरून चालू नका. कंपन्या घटक बदलत असतात, कधी स्वतःहून, कधी नियमांमुळे. लिलियल नावाचा फुलांच्या वासाचा एक घटक कितीतरी क्रीम, शाम्पू आणि परफ्यूममध्ये असायचा. युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२२ पासून त्यावर बंदी आली. अशा वेळी झाकण तेच आणि नाव तेच राहतं, पण वास बदलतो. मी आवडत्या वस्तूचं एक रिकामं खोकं जपून ठेवते आणि नवीन आणलं की मागची घटकांची यादी त्याच्याशी ताडून बघते. यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी येतात, एक टक्क्याखालचे पुढे कसेही लिहिलेले चालतात. त्यामुळे पहिली पाच-सहा नावं जुळतात का ते पाहिलं तरी बरंच कळतं.

वासाचं अजून एक आहे. परफ्यूम हल्ली फिकं झालंय, पाण्यासारखं झालंय, अशी माझी खूप दिवस तक्रार होती. एकदा नात जिना चढून वर आली आणि म्हणाली, "आजी, तू घरात आहेस हे खालीच कळतं." मी चपापले. वय वाढलं की वास घ्यायची शक्ती कमी होते, आणि रोजच्या वासाची नाकाला सवयही होते. मी नकळत दोनाचे पाच फवारे मारत होते. परफ्यूम तेच ठेवलंय, फवारे फक्त दोन, मोजून. मला स्वतःला वास आला नाही तरी दोनच. तुमच्या घरात तरुण नाक असेल तर एकदा विचारून बघा.

लिपस्टिकची गोष्ट मात्र मनाला लागली. माझी विटकरी रंगाची शेड एक दिवस बंद झाली. मिळाल्या तेवढ्या तीन नळ्या घेऊन ठेवल्या. दोन संपवल्या, अगदी तळाला राहिलेलं काडीनं कोरून, बोटावर घेऊन लावलं. तिसरी चार वर्षांनी उघडली तर खवट वास, आणि वर बारीक घामासारखे थेंब. लिपस्टिकमध्ये तेल असतं, ते कधीतरी खराब होणारच, त्यामुळे साठा करून उपयोग नाही. ती टाकताना मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. या वयात चेहरा दर वर्षी थोडा अनोळखी होत जातो. ओठांवर तो रंग आला की आरशातली बाई मी आहे, असं वाटायचं. पुढे तसाच रंग शोधायला मला सात महिने लागले. शोधताना हातावर लावून बघू नका, हाताचा रंग आणि ओठांचा रंग वेगळा असतो. दिवसाउजेडी, ओठांजवळ धरून बघा. आणि रंग ओठांच्या कडेच्या बारीक रेघांतून पसरायला लागला असेल, तर लिपस्टिक बदलायची गरज नाही. आधी त्याच रंगाच्या लायनरनं कड आखा आणि लिपस्टिक लावून झाली की एकदा टिपकागदानं टिपा.

डोळ्यांना काही लावत असाल तर नाव तेच ठेवा, पण नळी जुनी ठेवू नका. मस्करा उघडल्यापासून तीन महिन्यांत बदलावा, कारण कांडी आत-बाहेर करताना जंतू आत जातात, आणि आपल्या वयात डोळे कोरडे असतात, ते लवकर चिडतात. बाकीच्या वस्तूंवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात १२ एम किंवा ६ एम लिहिलेलं असतं. म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. मी पेननं तळाशी तारीख लिहून ठेवते.

आता सुनेची बाटली. 'वयाला साजेसं' या शब्दांवरून काही कळत नाही, मागची यादी वाचा. सनस्क्रीन असेल तर जरूर वापरा, मग तुमची क्रीम त्याच्याखाली तशीच राहू दे. एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो बाटलीवरचा आकडा. एसपीएफ ३० त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के, त्यामुळे मोठ्या आकड्यापेक्षा भरपूर लावणं महत्त्वाचं. रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठी वापरतात तो ए जीवनसत्त्वाचा प्रकार, असेल तर ते रात्रीचं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे दिवस लावून बघा. काही झालं नाही तर आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, आणि वरून तुमची जुनी क्रीम. त्या महिन्यात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका, नाहीतर त्रास झाला तर कशानं झाला ते कळणार नाही.

आणि सुनेला सांगा, बाटली वापरून बघतेय, पण लिपस्टिक आणि परफ्यूमला हात लावायचा नाही. पुढच्या वेळी काही आणावंसं वाटलं तर तुमच्याच शेडची ताजी नळी आण म्हणावं, ती अजून मिळतेय तोवर.